खांबाला सांगितलेलं

अप्पा,

तिकडं सगळे बरे आहात ना? तुमचा खोकला कसा आहे? पहाटे कावेरीकडून वारं सुटलं की तुम्ही ओट्यावर बसून खोकायचात आणि समोरच्या घरातला माणूस त्यावर उठून आंघोळीला जायचा, तो खोकला. आईचे गुडघे कसे आहेत? तिथं तरी तिला पायऱ्या नसलेलं घर मिळालं का? धाकट्या आत्याला आता दिसतं का, की अजून तांदूळ निवडताना तांदूळ फेकून खडे ठेवते? तुमच्या भांड्यांच्या दुकानाच्या मुदलालींची साखर उतरली का? इथं ते मालक होते, तिथं सगळे एकाच पंक्तीला असाल असं मी धरून चालते. आणि तसं असेल तर अप्पा, खरं सांगा, तुम्ही त्यांच्या शेजारी बसता का? की अजून उभेच?

इकडचं सांगते. मी बरी आहे. आईचे गुडघे आता माझ्याकडे आलेत, दुसरं काही तिनं मागं ठेवलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले कॉफी सोडा, मी डॉक्टरच सोडले. तुम्ही गेलात तेव्हा जी पाळण्यात होती ती तुमची नात आता चाळिशीकडे चाललीय. हे गेल्यापासून आम्ही दोघीच. तिनं लग्न केलं नाही आणि मीही विचारणं सोडलं. विचारून विचारून ताक आंबट होतं, लोणी काही वर येत नाही. तुमचं घर राहिलं नाही, तिथं आता तीन मजली इमारत आहे आणि त्यातल्या खालच्या दोन खोल्या आमच्या. छान उजेड आहे. पाणी चोवीस तास. खांब तेवढा नाही.

खांबाचंच लिहायला बसले आहे. आपल्या घरात एकच खांब होता, स्वयंपाकघर आणि पुढच्या खोलीच्या मध्ये, आईच्या तेलकट हातांनी एका बाजूनं काळा झालेला. तुम्ही सांगायचात की आपले कुणी खापरपणजोबा तंजावरच्या राजवाड्यात दारावर होते. तिथं राजाच्या अंगावर कुणी शब्द टाकत नसे. सांगायचं ते खांबाकडं तोंड करून सांगायचं, उपरणं ओठांवर धरून. राजाला ऐकायचं असेल तर तो ऐकेल, नसेल तर खांबाला राग येत नाही. राजे गेले, वाड्यात लोक तिकीट काढून जायला लागले, पण ती रीत आपल्या घरात राहिली. आई तुम्हाला कधी “भाजी आणा” म्हणाली नाही. खांबाला म्हणायची, “वांगी संपली बाई.” तुम्ही खांबाला म्हणायचात, “संध्याकाळी कुणी बाजारात जाईल.” आणि तुम्हीच जायचात. मला वाटायचं सगळ्या जगात असंच असतं. शेजारच्या तमिळ घरात बायको नवऱ्याला “अहो, ऐकू येतं का?” असं ओरडून विचारते हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता भांडण पेटणार.

तो दिवस तुम्हाला आठवतो का? मला तर काल झाल्यासारखा दिसतो. मुदलाली लेकीच्या लग्नाचं बोलावणं द्यायला घरी आलेले आहेत. आपल्या घरातल्या एकुलत्या खुर्चीत बसलेत आणि खुर्ची कुरकुरतेय. तुम्ही उभे. आई आत कॉफी गाळतेय, सगळ्या घरात वास. मुदलालींनी गाडीतून एक नवी पितळी घागर आणलीय, नव्या कारखान्याचा नमुना. ते तुम्हाला विचारतात, “काय, घ्यायचा का माल यांच्याकडून?” तुम्ही घागर हातात घेता, फिरवता, बोटानं वाजवता. मग खांबाकडं वळता आणि हळू म्हणता, “घडण सुरेख आहे. गळ्याशी जरा... बघू. देवाची इच्छा.” मुदलाली ओठ चावतात. त्यांना कळत नाही घ्यायचा की नाही. आणि मी, परकर-पोलक्यातली, दाराआडून म्हणते, “गळा पातळ आहे. आई विहिरीच्या काठावर ठेवते तशी ठेवली तर एका दिवसात चेपेल.”

आणि मग मुदलाली हसले, अप्पा. पोट हलेपर्यंत हसले. म्हणाले, “ही कुणाची? तुझी? तुझ्या पोटी ही जन्मली?” मला जवळ बोलावलं. म्हणाले, “मोठी झाली की दुकानात पाठव हिला. तोंडावर सांगणारं माणूस असलं की मला दुपारची झोप लागते.” जाताना त्यांनी घागर गाडीत टाकली ती जरा आपटूनच.

तुम्ही मला मारलं नाहीत. तुम्ही कधीच मारलं नाही. माझा हात धरून खांबासमोर नेलंत आणि म्हणालात, “आता सांग.”

“काय सांगू?”

“जे बोललीस तेच. इथं सांग.”

मी लाकडाला सांगितलं की गळा पातळ आहे. मला हसू आलं, मग रडू आलं.

“हं. असं,” तुम्ही म्हणालात. “मोठ्यांच्या तोंडावर शब्द टाकू नये, बाळ. खांबाला सांगावं. ऐकणारा ऐकतो. आपला शब्द खाली पडत नाही आणि आपली मानही राहते. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मला कॉफीचा पितळेचा छोटा पेला आणि कॉफी ओतून निववायची वाटी, डबरा, आणून दिलात, खेळण्यातला नव्हे, खरा. बक्षीस होतं की समजूत, ते तुम्ही सांगितलं नाहीत, खांबालाही नाही. मी अजून त्यातूनच कॉफी पिते.

तुमच्या दुकानातलं मला पुष्कळ उशिरा कळलं, मी तिथंच नोकरीला लागल्यावर. तुम्ही जे तिथल्या खांबाला सांगायचात ते गल्ल्यावरचे रोखपाल ऐकायचे. ते वाईट नव्हते. उचलायचे आणि मुदलालींपुढं नीट मांडायचे, “माझ्या मते असं करावं.” मुदलाली मान डोलवायचे. ऐकणारा ऐकतो हे तुमचं खरंच होतं अप्पा. पण ऐकणारा पुढं स्वतःच्या तोंडानं सांगतो, हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं. तुमच्या निरोपाच्या दिवशी मुदलालींच्या मुलानं तुमच्या खांद्यावर शाल घातली आणि फोटो काढता काढता रोखपालांना विचारलं, “हे आपल्याकडे कोणतं काम बघायचे?” तुम्ही शेजारीच होता. घरी आलात, शालीची घडी घातलीत आणि खांबाला म्हणालात, “बरं झालं. संपलं एकदा.” मी आत भात उपसत होते. माझ्या हातावर पेज सांडली, ती मी कुणाला सांगितली नाही.

माझं काही निराळं झालं नाही. मीही गिऱ्हाइकाशी भरभर बोलायची आणि मालक आत आले की हातातलं फडकं तोंडाशी न्यायची. जे सुचेल ते शेजारच्या काउंटरवरच्या बाईच्या कानात. ती वरच्या मजल्याची प्रमुख झाली, मला दिवाळीला मिठाई पाठवत राहिली. मी म्हणायची, आपलं काय, आपण घरचीच माणसं. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे मोती पडून राहतात, ही म्हण मला गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळात भजनाला जायला लागल्यावर कळली. तिथं पुण्याकडची मंडळी येतात, आपलं मराठी ऐकून एकमेकांकडं बघून हसतात, “आजी, तुम्ही पोथीतल्यासारखं बोलता!” त्यांनीच ठेवून दिलेल्या अभंगांच्या पुस्तकावरून मी ही अक्षरं शिकले. कुणी शिकवलं नाही. अभंग तोंडपाठ होते, तोंडातला शब्द आणि कागदावरची आकृती जुळवत बसायची. आपल्या घरात कुणाला येत नव्हती ही अक्षरं. तुम्ही मराठी बोलायचात आणि चिठ्ठी लिहायचात तमिळ अक्षरांत.

आता तुमच्या नातीचं सांगते. ती चेन्नईच्या एका कंपनीचं काम करते. दवाखान्यांतून विम्याचे कागद येतात, ते बरोबर आहेत का बघायचं. हे सगळं घरी बसून, आतल्या खोलीत, संगणकावर. दुकान नाही, गल्ला नाही, पण मालक आहेत, आणि मालकांचे मालक आहेत. ते काचेवर चौकटीचौकटीत येऊन बसतात. मी भाजी चिरताना दारातून बघत असते. सुरुवातीला मला फार कौतुक वाटायचं. मग एकदा बघता बघता माझ्या हातातली सुरी थांबली. वरच्या साहेबांनी काही विचारलं. हिला उत्तर ठाऊक होतं, हिच्या पाठीवरूनच मला कळलं. पण ही बोलली नाही. हिची बोटं भराभरा चालली, आणि क्षणभरानं दुसऱ्या चौकटीतला त्रिचीचा मुलगा, हिच्याच बरोबरीचा, बोलायला लागला. तो बोलत होता आणि ही मान डोलवत होती.

“तू त्याला लिहून पाठवलंस का?” मी नंतर विचारलं.

“हो. त्याला चांगलं बोलता येतं गं आई.”

“आणि तुला?”

“काम झाल्याशी मतलब. कुणी का बोलेना.”

अप्पा, त्या खोलीत खांब नाही. मी स्वतः बांधून घेतलीय ती खोली. तरी तो तिथं उभा होता.

मग मी नीट बघायला लागले आणि रोज काहीतरी दिसायला लागलं. बोलायची वेळ आलीच तर आधी म्हणणार, “माझं चुकत असेल कदाचित.” कुणी वाहवा केली तर ताटातली पुरी शेजाऱ्याच्या ताटात टाकावी तशी लगेच टाकून मोकळी, “छे, सगळ्यांनी मिळून केलं.” सगळे बोलत असतात तेव्हा ही सगळ्यांचं बोलणं उतरवून घेते आणि संध्याकाळी सगळ्यांना पाठवते. तिला कुणी सांगितलेलं नाही. पंक्तीत वाढणारी शेवटपर्यंत बसत नाही आणि जेवणाऱ्यांना वाटतं हिला भूकच नाही, तसंच हे.

गेल्या पावसाळ्यानंतर जागा निघाली. तिच्या गटाचा प्रमुख दुसरीकडं गेला. आणि त्याच वेळी कंपनीचा हुकूम आला की संक्रांतीनंतर सगळ्यांनी चेन्नईच्या ऑफिसात रोज यायचं, गटप्रमुखांना मात्र हवं तिथून काम करता येईल. म्हणजे कसं, तुम्हीच बघा. ती जागा मिळाली तर ती इथं माझ्यापाशी राहणार. नाही मिळाली तर जाणार. आम्ही दोघींनी हे एकमेकींना मोठ्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजच काय, असं मला वाटलं.

तिची वरची बाई भली आहे. तिनं एका संध्याकाळी फोन केला. ही कपड्यांच्या घड्या घालत होती म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवलेला. बाई तमिळमध्ये म्हणाली, “बघ अम्मा, वर तुझं तोंड कुणाला माहीत नाही. तू कॉफी देणारीसारखी येतेस, ठेवतेस आणि जातेस. कागदांना उशीर का होतो ते तू शोधलंस ना? मग गुरुवारी मोठे साहेब असतील, तूच सांग. त्या मुलाला लिहून पाठवू नकोस. मला सगळं दिसतं.”

“बरं मॅडम. चुकलं माझं.”

“हे बघ! चुकलं काय त्यात?” बाई ओरडली, आणि मला तिच्या तोंडात साखर घालावीशी वाटली.

बुधवारी तिनं मला बसवून सगळं सांगून दाखवलं. तोच कागद दोन ठिकाणी दोनदा तपासला जातो, कसा, का, काय करायला हवं. मला विम्यातलं काही कळत नाही, पण मला कळलं! इतकं स्वच्छ बोलली, माझ्या डोळ्यांत बघून. मी म्हटलं, “असंच सांग. मी साहेब आहे असं समज.” ती म्हणाली, “साहेब फडक्याला हात पुसत नाहीत आई,” आणि आम्ही दोघी खूप हसलो.

गुरुवारी मी देवापुढं दिवा लावला. तिला मोगरा दिला, तो तिनं माळला. शिट्टी होऊ नये म्हणून मी कुकर चढवलाच नाही. केळफूल विकणारी दारात आली तिला हातानंच गप्प केलं, ती बिचारी घाबरून विचारते, “कुणी गेलं का अक्का?” मी म्हटलं, “परीक्षा आहे.” मग दारात उभी राहिले. मोठे साहेब साधेच होते, केस पिकलेले, आवाज मऊ. त्यांनी विचारलं, “हे दोनदा तपासण्याचं कुणाच्या लक्षात आलं?”

वरची बाई काही बोलली नाही. त्रिचीचा मुलगाही गप्प राहिला, त्याला मी नावं ठेवणार नाही. सगळ्या चौकटी थांबल्या. ते विचारून वाट बघत होते, अप्पा. रागानं नव्हे, नुसती वाट बघत होते. माझ्या लेकीनं तोंड उघडलं. तिचा हात वर आला, ओढणीचं टोक धरून ओठांपाशी गेला. तिला ही गोष्ट मी कधी सांगितलेली नाही. उपरण्याची, राजवाड्याची, कसलीच. आणि ती म्हणाली, “सर, ते... आमचे त्रिचीचे सहकारी जास्त चांगलं सांगतील.” आणि हसली.

मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. गुडघ्यांनी बसू दिलं त्या दिवशी.

जागा त्याला मिळाली. बाईचा परत फोन आला. दमलेल्या आवाजात म्हणाली, “मी तुझंच नाव घेतलं होतं. साहेब म्हणाले, हो हो, ती नोंदी छान घेते.”

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. मी वाटणयंत्रात इडलीचं पीठ वाटत होते. ती माझ्याकडं आली नाही, फ्रिजपाशी उभी राहिली आणि फ्रिजच्या दाराला म्हणाली, “संक्रांतीनंतर जावं लागेल.” थोड्या वेळानं पुन्हा फ्रिजला म्हणाली, “इथं कुणीतरी एकटं पडेल.”

मला तिला जाऊ नकोस म्हणायचं होतं. मला भीती वाटते म्हणायचं होतं, न्हाणीघरात पाय घसरायची, आणि त्याहून दुपारची, चारच्या सुमाराची, घरात कुणाचा आवाज नसतो तेव्हाची. मी वाटणयंत्राला म्हटलं, “राहतात माणसं. औषधं डबीत लावून ठेवली की झालं.” ती फ्रिजला “हं” म्हणाली. दोघी तशाच उभ्या, आणि मध्ये यंत्र घुर्र घुर्र करत आमचे शब्द पिठात कालवत होतं.

मी तुम्हाला दोष देत नाही असं लिहिणार होते. लिहवत नाही. तुम्हाला कुणी शिकवलं, त्यांना कुणी, मागं जात गेलं तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं? राजाच्या? ज्या माणसाला मान खाली घालून पोट भरायचं असतं त्याला ती रीत उपयोगी पडली असेल. जिवंत ठेवलं असेल तिनं कुणाला. पण आता राजा नाही अप्पा, आता ते विचारतात आणि वाट बघतात, आणि आपल्या तोंडातून नाव निघत नाही. ते समजतात हिला काही सांगायचंच नाही. त्यांचं तरी काय चुकलं? चित्र न लावता रिकामा खिळा ठेवला तर लोक भिंतच बघणार. मी रात्रंदिवस विचार करते की हे कुठं तोडता आलं असतं, आणि दर वेळी त्या घागरीपाशी येऊन थांबते. मुदलाली हसले होते. त्यांना आवडलं होतं. मला तुम्हाला एकच विचारायचं आहे, तुम्ही त्यांचा चेहरा पाहिलात का? की तुम्ही तेव्हाही खांबाकडंच बघत होता?

आता ती पलीकडं पेटी भरतेय. मी तो पेला आणि डबरा तिच्या साड्यांत घातला, तिनं बाहेर काढून ओट्यावर ठेवला, मी परत घातला. मघाशी ती इथून जाताना थांबली.

“कुणाला लिहितेस आई?”

“अप्पांना.”

“काय लिहिलंस एवढं?”

“कुशल. दुसरं काय.”

ती वाकून कागदाकडं बघत राहिली. तिला तमिळ येतं, इंग्रजी येतं. ही अक्षरं येत नाहीत. तुम्हालाही येत नव्हती. आणि मला, खरं सांगू का, तमिळमध्ये दुप्पट भराभर लिहिता येतं. आज सकाळी कागद पुढं घेतला तेव्हा हात आपणहूनच या अक्षरांकडं वळला, आणि मी त्याला वळू दिलं.

हे कुठं पाठवायचं नाहीच आहे. पण तुम्ही उत्तर लिहा अप्पा, लवकर लिहा, संक्रांतीच्या आत. मराठीतच लिहा, पण तुमच्या त्या तमिळ अक्षरांत. आणि तिनं जाऊ नये असं मला वाटतं, एवढं त्यात घाला. मी ते टेबलावर उघडं ठेवीन. येता-जाता ती वाचेल.